खंजिराला पंख कुठून आले : सोलापूर ते माळशिरस, व्हाया करकंब

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना माहीत आहे, की मी ठरवल्याशिवाय कुठे जात नाही. कुठला रस्ता खणलाय, कुठल्या धाब्यावर बायकांसाठी स्वच्छ बाथरूम आहे, हे वहीत लिहून मगच गाडी काढते. ही सहल मात्र आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या शर्टामुळे घडली.

आधी अण्णांबद्दल सांगते. अण्णा म्हणजे माझे सासरे. मूळचे सांगोल्याकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आणि त्यातली बरीच वर्षं पॅरा कमांडो. आता आमच्याबरोबर शहरातल्या जुळे सोलापूर भागात फ्लॅटमध्ये राहतात. घरात सगळ्यांत कमी बोलणारा माणूस. कपाटात एका स्टीलच्या डबीत त्यांचा चांदीच्या रंगाचा बॅज असतो. लग्न होऊन आल्यावर मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी डबी उघडून धडा शिकवल्यासारखं समजावलं होतं. मरून टोपी विमानातून उडी मारणाऱ्यांची. उजव्या छातीवरचे पंख पॅराशूटचं शिक्षण पुरं केल्याचे. आणि हा तिसरा, सगळ्यांत लहान, सगळ्यांत अवघड. टोक खाली केलेला खंजीर, त्याच्या दोन्ही बाजूंनी वर गेलेले पंख, आणि पात्यावरून गेलेल्या पट्टीवर देवनागरीत एकच शब्द : बलिदान. नव्वद दिवसांची प्रोबेशन पुरी करेल त्यालाच मिळतो. बाकीचे आपापल्या पलटणीत परत. एवढं सांगून त्यांनी डबी बंद केली. त्यानंतर दहा वर्षं तो विषय निघाला नाही.

जानेवारीतल्या त्या शनिवारी अण्णा दूध आणायला खाली गेले ते अर्धा तास वर आलेच नाहीत. मी गॅलरीतून डोकावले. गेटपाशी अण्णा वॉचमनसमोर ताठ उभे, आमचे वॉचमन महबूबभाईही त्यांना बघून ताठ उभे, आणि दोघांच्या मध्ये फरशीवर दुधाची पिशवी. मी खाली पळाले.

महबूबभाईंना एजन्सीकडून नवा युनिफॉर्म आला होता. खिशावर तळहाताएवढं भरतकाम. खंजीर होता, पण टोक वर. पंख होते, पण कोंबडीसारखे फुगलेले. पट्टीवर लिहिलं होतं : सावधान.

"हे काय आहे?" अण्णांनी विचारलं.

"चील है की अण्णा," महबूबभाई म्हणाले. "उपर से नजर रखती चोरां पे."

"आणि मधलं हे?"

"चोच है वो."

अण्णा वर गेले, स्वतःचा निळ्या चौकड्यांचा इस्त्रीचा शर्ट घेऊन आले आणि म्हणाले, "हा घाला. तो मला द्या." महबूबभाईंनी तिथेच शर्ट बदलला. त्या दिवशी आमच्या सोसायटीचं रक्षण चौकड्यांच्या शर्टाने केलं.

मग अण्णा माझ्याकडे वळले. "मेधा, गाडी काढशील का?"

दहा वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. नवरा ऑफिसच्या कामासाठी हैदराबादला होता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "अण्णांनी स्वतःहून कुठं जायचं म्हटलं? मग विचारत काय बसलीस, जा." माझा त्या दिवशी मैत्रिणींबरोबर हुरडा खायला जायचा बेत होता. तो रद्द केला, वही पर्समध्ये टाकली आणि निघालो.

युनिफॉर्म ज्या खोक्यातून आला त्यावर भरतकामवाल्यांचा पत्ता होता, शहराच्या पूर्व भागातला. तिकडे गाडी नेऊ नका, रिक्षाच करा. गल्ल्या अरुंद आहेत, दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट, आणि समोरून टॉवेलांचे गठ्ठे लादलेली हातगाडी आली की मागे घेण्यावाचून उपाय नाही. आम्ही गाडी मोठ्या रस्त्यावर लावून चालत गेलो. अण्णांच्या हातात पुराव्याची कॅरीबॅग.

दुकान एका बाईंचं होतं. सगळे त्यांना अक्का म्हणतात. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि कामगारांवर रागावताना दोन्ही. एका लांबलचक मशीनवर डझनभर सुया एकदम खाली-वर होत होत्या आणि डझनभर खिशांवर एकच चित्र उमटत होतं. आमचंच चित्र. त्या दिवशीच्या पट्टीवर शब्द होता : शुद्ध.

"दूधवाल्यांची ऑर्डर आहे," अक्का म्हणाल्या. "हे डिझाईन लई चालतंय बघा. जिमवाल्यांनी 'ताकद' लिहून नेलं. केटरिंगवाल्यांनी 'सेवा'. पट्टी कोरीच असते ना, गिऱ्हाईक सांगेल ते घालायचं."

"दूधवाल्यांना हे काय वाटतं?" अण्णांनी विचारलं.

"रवी. ताक घुसळायची."

"आणि केटरिंगवाल्यांना?"

"सुरी."

अण्णा स्टुलावर बसले. मला वाटलं आता आवाज चढणार. पण त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि अक्कांना तोच धडा सांगायला सुरुवात केली जो मला दहा वर्षांपूर्वी सांगितला होता. अक्कांनी मशीन बंद करायला लावलं. अक्का मन लावून ऐकत होत्या, आणि त्यांचे प्रश्न कारागिराचे होते.

"टोक खाली का?"

"माणूस वरून उतरतो म्हणून. आभाळातून खाली. पंख वर उघडलेत, कारण तो उतरतोय. आम्ही तरी असं समजतो."

अक्कांनी महबूबभाईंचा शर्ट हातात घेऊन निरखला. "मग हा उलटा झाला की. हा वर चाललाय."

"हो," अण्णा म्हणाले. "हा वर चाललाय."

"सिक्युरिटीवाल्यांनीच सांगितलं, टोक खाली असलं की मान खाली घातल्यासारखं दिसतं." अक्का खरंच ओशाळल्या. "पहिली ऑर्डर बरोबर होती, अण्णा. करकंबच्या बँडवाल्यांची. मास्तर स्वतः कागदावर काढून घेऊन आले होते. तीन तास बसले इथं. एक पीस जास्त झालं तर ते उसवायला लावलं. आणि पट्टीवर काय लिहू म्हटलं तर म्हणाले, कोरीच ठेवा."

त्यांनी फाइलमधून तो कागद काढला. चौकटीच्या वहीचं पान, पेन्सिलीने काढलेलं. मला चित्रातलं कळत नाही, पण तो खंजीर अण्णांच्या डबीतल्यासारखाच होता. अण्णांनी तो कागद उजेडाकडे धरून पाहिला.

"डाव्या भुवईवर वण आहे का मास्तरांच्या?"

"आहे. आणि सारखं काहीतरी गुणगुणत असतात."

"तोच," अण्णा म्हणाले. कोण, ते सांगितलं नाही. अक्कांचे आभार मानले, कागद परत दिला, आणि बाहेर पडताना मला म्हणाले, "करकंबला जायचं."

सोलापूरहून मोहोळपर्यंत मोठा रस्ता आहे, गाडी आरामात पळते. मोहोळला डावीकडे पंढरपूरचा फाटा घ्यायचा. या दिवसांत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. ओव्हरटेकची घाई करू नका. शेवटची ट्रॉली वळणावर नक्की कुठे जाईल हे खुद्द ड्रायव्हरला माहीत नसतं. मोहोळच्या पुढे एका धाब्यावर जेवलो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, पिठलं, वर दही. चटणीत तेल घालून कालवताना अण्णा पहिल्यांदा बोलले.

"शंकर आणि मी एका भरतीतले. प्रोबेशनला बरोबर गेलो. मी राहिलो, तो परत गेला."

"मग भेटला नाहीत?"

"न्हाय."

मोहोळ ओलांडलं की अण्णांची भाषा बदलते, हे मी पूर्वीही पाहिलंय. सोलापुरात 'नाही' म्हणणारा माणूस पस्तीस किलोमीटरवर 'न्हाय' म्हणतो. पंढरपूर बाहेरून वळसा घालून पार केलं. मग अण्णांनी शंकरकाकांना काय सांगायचं याची माझ्यासमोर तालीम केली. तीन वाक्यं होती. हा बॅज आहे, नक्षी नाही. तो मिळवावा लागतो, शिवून घेता येत नाही. आणि तुला हे माहीत असून तू केलंस. तिसरं वाक्य म्हणताना दोनदा अडखळले.

करकंब मोठं गाव आहे, बाजारपेठही बरीच. बँडची खोली विचारली तर एकाने सांगितलं, "खोलीत कुटं सापडतील, रानाकडं बघा. पळत असतील." मला वाटलं मस्करी करतोय. गावाबाहेर उसाच्या कडेने कच्च्या रस्त्यावर वळलो, आणि समोरून बारा माणसं पळत येताना दिसली. कुणाच्या खांद्यावर पितळी भोंगा, कुणाच्या गळ्यात साइड ड्रम, एकाच्या छातीवर मोठा ढोल. सगळे घामाने निथळलेले, पण रांग सरळ. मागून मोटारसायकलवर एक सडपातळ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ शिट्टी वाजवत येत होते. भुवईवर वण होता.

अण्णा गाडीतून उतरले. शंकरकाकांनी गाडी थांबवली. तीसेक वर्षांनी समोरासमोर आलेली माणसं काय करतात याची मला उत्सुकता होती. शंकरकाकांनी अण्णांना वरपासून खालपर्यंत निरखलं.

"दत्ता," शंकरकाका म्हणाले, "लई जाड झालास की."

अण्णा तिन्ही वाक्यं विसरले. म्हणाले, "शंकर, ते पंख काढ."

"आधी च्या घे."

बारा जणांपैकी अकरा जणांच्या टी-शर्टावर तो बिल्ला होता. टोक खाली, पंख वर, पट्टी कोरी. ढोलवाल्याच्या छातीवर नव्हता. आणि शंकरकाकांच्या खिशावरही नव्हता.

चहा बँडच्या खोलीत झाला. शंकरकाकांनी सगळं शांतपणे सांगितलं, लपवण्यासारखं काही नाही अशा सुरात. परत पाठवल्यावर ते त्यांच्या जुन्या पलटणीत गेले, तिथल्या बँडमध्ये लागले, आणि निवृत्त होऊन गावात बँड काढला.

"हल्ली समदे डीजे लावत्यात. डीजे दमत न्हाय, घाबरत न्हाय, भाकरी मागत न्हाय. त्याच्यासमोर उभं राहायचं तर माणूस तसाच पाहिजे. म्हणून आमच्यात नव्वद दिवसांची प्रोबेशन हाय. पहिले तीस दिवस वाद्याला हात लावायचा न्हाय, नुसतं चालायचं. मग वाद्य घिऊन चालायचं. शेवटचे तीस दिवस वाजवत चालायचं. कुत्री अंगावर येऊ द्या, पायात फटाके फुटू द्या, नवऱ्याचा मामा पिऊन गळ्यात पडू द्या, सूर हलता कामा न्हाय. मी हात खाली केल्याबिगर कुणी थांबायचं न्हाय."

"आणि नाही जमलं तर?" मी विचारलं.

"परत शेतावर."

अण्णा म्हणाले, "पण त्यांना ह्याचा अर्थ तरी माहीत हाय का?"

शंकरकाकांनी मान वळवली. "खंजीर खाली का?"

"वरून उतरतो म्हणून," अकरा जण एकदम म्हणाले.

"पंख?"

"आभाळातनं आल्याचे."

"पट्टी कोरी का?"

आता अकरा जण एकमेकांकडे बघायला लागले. शंकरकाकांनीच सांगितलं. "ते ह्यास्नी ठाव न्हाय. मी सांगितलं न्हाय. तो शब्द लिवायचा हक्क मला न्हाय, दत्ता. म्हणून कोरी."

मला राहवलं नाही. "काका, तुमच्या खिशावर का नाही मग?"

"मला कुटं मिळाला? त्र्याऐंशीव्या दिवशी परत धाडलं."

"कशावरून?"

ते अण्णांकडे बघून हसले. अण्णा बशीतल्या चहाकडे बघत होते.

"दबा धरून बसलो व्हतो. तीन दिवस डोळ्याला डोळा न्हाय. पहाट व्हायला आली आन् दत्ताची मान खाली जायला लागली. झोपला तर त्याला परत धाडणार. हात लावावा तर हलता यीना, पानं वाजत्यात. मग मी बारीक गुणगुणलो. त्याच्या कानाला जाईल एवढंच. पण साहेबाचा कान लई तिखट. विचारलं, कोण गुणगुणलं? मी उठलो."

"आणि अण्णा?"

"त्यो जागा राहिला की. त्याच्यासाठीच गुणगुणलो व्हतो."

एका कोपऱ्यात भोंग्यातून पाणी काढायचं काम चाललं होतं, ते थांबलं. मला वाटलं, आता अण्णा विषय सोडून देतील. अण्णांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "तरी पंख काढ, शंकर."

त्या क्षणी मला त्यांचा राग आला, हे लिहून ठेवते. पण शंकरकाकांना आला नाही. त्यांनी थोडा विचार केला. "उद्या माळशिरसला लग्न हाय. आमच्या बिरूबाचा नव्वदावा दिवस. तू ये. बघ. बघून 'काढ' म्हणालास तर मी बसून समद्यांचे उसवतो."

"ठरलं," अण्णा म्हणाले.

बिरूबा म्हणजे तो ढोलवाला. पन्नाशीचा धनगर, मोठी पगडी, आवाज मात्र एकदम बारीक. संध्याकाळी शंकरकाकांच्या ओट्यावर तो येऊन बसला. उद्याची धास्ती त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. मी विचारलं, सराव कुठे करता. म्हणाला, "रानात, मेंढरांम्होरं. पहिल्यांदा पळून जायची. आता ढोल वाजला की समदी गोळा हुत्यात, ताई. वाजवून झालं की मगच चरत्यात."

"आता कुठे आहेत मेंढरं?"

"मेव्हण्यासंगं. माळशिरसच्या अंगाला बसवलीत, ऊस तुटलेल्या रानात. तेवढंच खत हुतं शेतकऱ्याला."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर हे वहीतही लिहून घेतलं. एकाच्याही डोक्यात पुढचं काही आलं नाही.

रविवारी सकाळी करकंबहून अकलूजमार्गे माळशिरसला निघालो. दीड तास धरा. वाटेत रसवंतीवर आलं-लिंबू घातलेला रस मिळतो, तो चुकवू नका. बँड टेम्पोत पुढे, आम्ही मागे. अण्णा काळी पँट आणि पांढरा शर्ट घालून परीक्षकासारखे बसले होते.

लग्न गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात होतं. लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या दर्शनाला जातो, त्या मिरवणुकीला आमच्याकडे परण्या म्हणतात. घोड्यावर नवरदेव, मागे वऱ्हाड, पुढे बँड. शंकरकाका सगळ्यांत पुढे, उजवा हात वर. अण्णा रस्त्याच्या कडेने बरोबरीने चालत होते. बिरूबाचं लक्ष कुठेही नव्हतं, फक्त त्या हातावर. एक कुत्रं त्याच्या पायात आलं, तो हलला नाही. नवरदेवाच्या मामांनी त्याच्या गळ्यात हात टाकून नाचायला सुरुवात केली, तो मामांसकट वाजवत राहिला. अण्णांनी एकदाच मान हलवली. मला वाटतं, ती पसंतीची होती.

मग उजवीकडच्या रानातून धूळ उठली.

आधी मला वाटलं ट्रॅक्टर आहे. पण धुळीतून एक मेंढा बाहेर आला, त्याच्यामागे आणखी, आणि मग सबंध कळप बांध उतरून रस्त्यावर. पाठीमागे लांबवर एक माणूस काठी घेऊन हाका मारत पळत होता, तो मेव्हणा. मेंढरं कुणालाही धडकली नाहीत. शिस्तीत येऊन बिरूबाच्या भोवती गोळा झाली आणि त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. घोडा जागच्या जागी फिरला. नवरदेवाचं तोंड वऱ्हाडाकडे झालं. करवल्या साड्या सावरत कार्यालयाच्या पायऱ्या चढल्या.

बिरूबा वाजवतच होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हात चालू. तो थांबला असता तर मेंढरं चरायला निघून गेली असती. पण शंकरकाकांचा हात वर होता. आणि तो हात खाली आला असता तर सगळा बँडच थांबला असता, भर परण्यात, वधूपित्यासमोर. शंकरकाका मागे वळून बघत होते, आणि त्यांनाही काय करावं कळत नव्हतं. मी हे आत्ता एवढं सविस्तर लिहितेय, प्रत्यक्षात सगळं मिनिटभराचंच होतं.

अण्णा मेंढरांतून वाट काढत बिरूबापाशी गेले. त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "थांबू नगंस. वाजवत माज्यामागं ये."

ते पुढे झाले. बिरूबा वाजवत त्यांच्यामागे. मेंढरं बिरूबाच्या मागे. साठी ओलांडलेला माझा सासरा, काळ्या पँटीत, रस्ता सोडून नांगरटीच्या ढेकळांतून ताठ चालत निघाला, आणि त्याच्यामागे ढोल आणि अख्खा कळप. बाकीच्या बँडने ढोलाशिवाय तेच गाणं पुढे नेलं. एकाचाही सूर हलला नाही. घोड्याला पुन्हा सरळ केलं. परण्या मारुतीला पोचला. लांबून, बांधापलीकडून, ढोल ऐकू येतच होता, आणि अजूनही तालात होता.

अर्ध्या तासाने दोघं परत आले. मेव्हण्याने मेंढरं वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घातल्यावर अण्णांनी स्वतः हात खाली करून बिरूबाला थांबवलं होतं. बिरूबा शंकरकाकांसमोर येऊन उभा राहिला. "मास्तर, मी रांग सोडली."

"तू ताल सोडला न्हाईस," शंकरकाका म्हणाले. मग पंगतीत जेवायला बसल्यावर ते अण्णांकडे वळले. "सांग आता."

"उसव," अण्णा म्हणाले.

बिरूबाने जिलबी बाजूला सारली.

"सगळ्यांचे उसव," अण्णा पुढे बोलले, "आणि सगळ्यांना नवा दे. हा आमच्या कामाचा हाय. तुमचं काम दुसरं. ते आमच्याहून हलकं हाय असं मी म्हणणार न्हाय, मी आज बघितलं. पण एवढं करणाऱ्यानं दुसऱ्याचं चिन्ह कशापायी लावायचं?"

शंकरकाकांनी खिशातून पेन्सिल काढली. लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी खंजीर काढला, आणि मग खोडला.

"खंजिराच्या जागी ढोलाची काठी," अण्णा म्हणाले. "टोक खालीच. कातड्यावर पडतं."

"पंख?"

"पंख आभाळातनं येणाऱ्याचे. तुम्ही कशातनं येता?"

"टेम्पोतनं."

यावर बराच वेळ गंभीर चर्चा झाली. काठीला दोन्ही बाजूंना टेम्पोची चाकं काढून पाहिली. ती हातगाडी दिसायला लागली. भोंगेवाल्याने गाल सुचवले, फुगलेले. कुणाला पटलं नाही. शेवटी बिरूबा बारीक आवाजात म्हणाला, "मेंढराचं कान काढा की. ऐकायला आली हुती ती."

शंकरकाकांनी दोन कान काढले, बाजूला पडलेले, किंचित खाली झुकलेले. लांबून पाहिलं तर पंखांसारखेच वाटत होते. पण पंख नव्हते. अण्णांनी पत्रिका लांब धरून पाहिली. "हां," म्हणाले.

"पट्टीवर?" शंकरकाकांनी विचारलं.

"हजर," अण्णा म्हणाले.

शंकरकाकांनी तो शब्द लिहिला. त्यांचं अक्षर सुरेख आहे. मग अण्णा म्हणाले, पहिला बिल्ला मास्तरांच्या खिशावर. शंकरकाका मान हलवायला लागले. "माजी प्रोबेशन कुणी घेतली?"

"आमी घेतली की, मास्तर," भोंगेवाला म्हणाला. "तीन वर्सं झाली."

संध्याकाळी परत निघालो. मोहोळच्या अलीकडे अण्णा अचानक म्हणाले, "मी उठायला पाहिजे होतं. साहेबांनी विचारलं तेव्हा. त्याच्याबरोबर." मी विचारलं, उठला असतात तर काय झालं असतं. म्हणाले, "दोघंही परत गेलो असतो." थोड्या वेळाने : "किंवा दोघंही राहिलो असतो. ते कळणार न्हाय आता." सोलापूरच्या वेशीशी आलो तरी त्यांचं 'न्हाय' तसंच होतं.

तुम्हाला हा रस्ता करायचा असेल तर माझा सल्ला असा. दोन दिवस हाताशी ठेवा, हुरड्याचे दिवस गाठा, उसाच्या ट्रॉल्यांना मान द्या. करकंबात राहायची सोय नाही, ती पंढरपूर किंवा अकलूजला बघा. आमच्यासारखं कुणी ओळखीचं निघालं तर गोष्ट वेगळी. बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर मला पटकन सांगता येत नाही. एका मैत्रिणीला मी एका बिल्ल्याची गोष्ट सांगत बसले, आणि तिने मध्येच विचारलं, "म्हणजे तुम्ही नक्की काय पाहून आलात?" माझ्या वहीत त्या दोन दिवसांची सहा पानं आहेत. त्यात एकही प्रेक्षणीय स्थळ नाही.

अक्कांकडून नवे बिल्ले शिवून झाले. मशीनमधलं जुनं डिझाईन त्यांनी आपणहून पुसून टाकलं. दूधवाल्यांना त्या आता खरी रवी काढून देणार आहेत.

आणि अण्णा गेला दीड महिना दर गुरुवारी एसटीने करकंबला जातात आणि रविवारी परततात. झांज शिकतायत. शंकरकाकांनी ओळख बाजूला ठेवली आहे. नियम सगळ्यांना सारखे, हजेरीचे नव्वद दिवस, पहिले तीस नुसतं चालणं. पण झांजवाला आजारी पडल्यामुळे अण्णांना सोळाव्या दिवशीच झांज हातात मिळाली. तेव्हापासून आमच्या गॅलरीत सराव चालतो आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचं एक पत्रही आलंय. येत्या रविवारी टेंभुर्णीला त्यांचं पहिलं लग्न आहे. काल त्यांच्या बँडच्या कोटाला इस्त्री करताना मी विचारलं, "अण्णा, विमानातून उडी मारताना भीती वाटायची?"

"न्हाय."

"आणि आता?"

त्यांनी झांजेची दोरी बोटाला गुंडाळून पाहिली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"लई," म्हणाले.